बाबांची स्टिक, माळ्यावरची पेटी आणि नागपूरच्या दैनिकांचा इतिहास

सक्करदऱ्याची

आईचं घर रिकामं करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. वर जुनी धोतरं, खाली एका फडक्यात बांधलेली बाबांची स्टिक. ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना डाव्या हातात धरायची ही धातूची अरुंद तबकडी असते. तिच्या एका टोकाला सरकणारा अडसर असतो. जेवढ्या रुंदीचा कॉलम लावायचा तेवढ्या मापावर तो घट्ट करायचा आणि मग एकेक खिळा बसवत ओळ भरायची. बाबांच्या स्टिकचा अडसर गंजून एकाच मापावर अडकला आहे. मी तेल घालून हलवून पाहणार होते, पण हात झाला नाही. तसाच ठेवला.

बाबा नागपूरच्या एका मराठी दैनिकात सत्तावीस वर्षं जुळारी होते. दैनिकाचं नाव इथे लिहीत नाही. ते बंद पडलं आहे आणि त्याच्या मालकांच्या घरची माणसं याच शहरात आहेत. मला कुणाशी भांडायचं नाही.

रात्रपाळी असायची. संध्याकाळी सायकलने सीताबर्डीला जायचे आणि पहाटे परत यायचे. बोटांची टोकं कायम काळी. शिशाचा त्रास होऊ नये म्हणून आई रोज गुळाचा खडा द्यायची. इंग्रजीच्या जुळाऱ्याला दोन केसा, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, पुरतात, मराठीला चार लागतात असं ते अभिमानाने सांगायचे. काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचा वेगळा खण, आणि अंधारातही हात त्या खणावर जायचा. खिळ्यावरची अक्षरं उलटी असतात आणि ओळ डोक्याकडून वाचावी लागते. त्यामुळे आम्ही अभ्यासाला बसलो की बाबा समोर बसून, वही आमच्याकडे तोंड करून असतानाच, तिकडून चुका सांगायचे. “तिसऱ्या ओळीतली वेलांटी पाहा.” लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांना असं वाचता येतं.

मग ऑफसेट आलं, फोटोवरची जुळणी आली. एका सोमवारी सांगण्यात आलं की जुळणी खातं बंद. काहींना घरी पाठवलं, बाबांना गठ्ठे मोजायला बसवलं. खिळे शिशाच्या भावाने, वजनावर विकले गेले. बाबा त्याबद्दल घरी एकदाच बोलले. “‘श्र’चा पूर्ण खण भरलेला होता,” एवढंच.

आता माझा प्रश्न. त्यांनी लावलेलं एखादं पान मला पाहायचं आहे. त्या दैनिकाच्या जागी आज दुकानं आहेत. फायली कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. शोधता शोधता लक्षात आलं की आपल्या शहरातल्या दैनिकांचा इतिहास सलग असा कुठे सापडतच नाही. पुण्या-मुंबईच्या पत्रांवर भरपूर लिहिलंय. आपल्याकडे संपादकांच्या जयंतीला दोन लेख येतात आणि विषय संपतो. माझ्याकडे जे जमलंय ते खाली देते, तुम्ही भर घाला.

१९०७ हे वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी माधवराव सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला, टिळकांच्या ‘केसरी’चं हिंदी रूप. त्याच सुमारास अच्युतराव कोल्हटकर इथून ‘देशसेवक’ चालवत होते. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यांची लाट आली आणि दोघेही तीत सापडले. कोल्हटकर पुढे मुंबईला गेले आणि ‘संदेश’मुळे गाजले, पण लेखणीला धार इथे लागली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने ‘हितवाद’ सुरू केला, इंग्रजीतून, साप्ताहिक म्हणून. तो आजही निघतो. १९१४ मध्ये गोपाळराव ओगल्यांचं ‘महाराष्ट्र’ आलं.

हे शेवटचं नाव पुन्हा एकदा वाचा. १९१४ साली नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. वरचा कारभार इंग्रजीत. महाराष्ट्र नावाचं राज्य व्हायला अजून ४६ वर्षं आहेत. आणि इथला एक माणूस आपल्या पत्राला ‘महाराष्ट्र’ हे नाव देतो! मला तर यावरच एक अख्खा लेख वाचायला आवडेल.

पोट्टा_महालचा

ताई, डोळ्यात पाणी आलं. आमचे आजोबा कल्याणेश्वराच्या देवळापाशी चहाच्या टपरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचत. आठ-दहा जण ऐकत. एक पेपर, पैसे एकाचे, वाचणारे दहा. खपाचे आकडे काढतात तेव्हा हे नऊ जण कोणी मोजलेच नाही ना जी! आजोबा गेल्यावर ती बाकडी पण गेली. मी सगळं वाचून राहिलो, लिहा लोकहो.

जुना_उपसंपादक

ताई, तुमच्या वडिलांसारख्या माणसांनी माझ्या अर्ध्या चुका छापण्याआधी पकडल्या. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि ‘शुद्धलेखन मला येतं’ अशी माझी समजूत होती. एक म्हातारे जुळारी माझी कॉपी परत घेऊन यायचे आणि बोट ठेवून उभे राहायचे. बोलायचे नाहीत. मला चूक दिसेपर्यंत उभे.

काम कसं चालायचं ते लिहून ठेवतो, कारण हे सांगणारे आता थोडे उरलेत. पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांचे टेलिप्रिंटर रात्रभर खडखडत. सगळं इंग्रजीत. कागदाची लांबच लांब पट्टी फाडायची, बातम्या वेगळ्या करायच्या आणि छपाईच्या कागदाच्या कापलेल्या तुकड्यांवर पेनाने मराठी करायचं. एका बाजूनेच लिहायचं, ओळींत भरपूर जागा सोडायची. बातमी मोठी असली की फोरमन त्या कॉपीचे तुकडे करून चार-पाच जुळाऱ्यांना वाटायचा. प्रत्येकाच्या हाती मधलाच परिच्छेद, मागचंपुढचं माहीत नाही. मग गॅली, म्हणजे लावलेल्या ओळींचं ताट, बांधून, शाई फिरवून, ओलसर कागदावर प्रूफ काढायचं. मुद्रितशोधक खुणा करायचा, जुळारी चिमट्याने खिळा उपटून बदलायचा. रात्री एकच्या सुमाराला पान फर्म्यात, म्हणजे लोखंडी चौकटीत, कसलं की नवी बातमी घेणं म्हणजे कुणाच्या तरी ओळी बाहेर काढणं. त्या ओळी बहुधा तालुक्याच्या वार्ताहराच्या असत. त्याने पाठवलेली पुराची किंवा पिकाची बातमी अशी कितीदा कापली, हे आठवलं की आजही बरं वाटत नाही.

एक गोष्ट नव्या पिढीला सांगायला हवी. पत्रकारितेचं रीतसर शिक्षण नागपुरात फार लवकर आलं. १९५२ मध्ये हिस्लॉप कॉलेजात पत्रकारिता विभाग सुरू झाला, अमेरिकेहून रोलंड वोल्सली नावाचे प्राध्यापक त्यासाठी इथे आले होते. विदर्भातल्या आणि आताच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधल्या कितीतरी पत्रांत तिथून शिकलेली पोरं गेली.

आणि माडखोलकर. ग. त्र्यं. माडखोलकर १९२४ च्या सुमारास पुण्याहून नागपूरला ‘महाराष्ट्र’मध्ये आले, ओगल्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढली आणि १९४४ मध्ये दैनिक ‘तरुण भारत’चे संपादक झाले. १९६७ पर्यंत ते तिथे होते. कादंबरीकार, समीक्षक, आणि रोज अग्रलेख. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचं नागपूरचं घर जळालं. घर जळालेला माणूस पुन्हा लिहायला बसतो आणि पुढे एकोणीस वर्षं तेच दैनिक चालवतो, ही गोष्ट मला त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

वर्धा_रोड

उपसंपादककाका, माडखोलकरांबद्दल आदर आहेच, पण चित्र पूर्ण करू या. संयुक्त महाराष्ट्राचा पुरस्कार करणारं मोठं नाव नागपूरच्या दैनिकात बसलेलं होतं, तेव्हाच विदर्भ वेगळा हवा असं म्हणणारेही वर्तमानपत्रांतलेच होते. लोकनायक बापूजी अणे घ्या. ‘लोकमत’ हे पत्र पहिल्यांदा १९१८ मध्ये यवतमाळला साप्ताहिक म्हणून काढलं ते त्यांनी. तेच बापूजी पुढे स्वतंत्र विदर्भाचे पुढारी झाले आणि १९६२ मध्ये नागपूरकरांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवलं. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी विदर्भवादी, त्यांचं ‘मातृभूमी’ होतं. म्हणजे १९५३ च्या नागपूर करारापासून १९६० पर्यंतचा सगळा वाद वाचायचा असेल तर दोन्हीकडची दैनिकं समोरासमोर ठेवून वाचायला हवीत. एकाच बाजूची फाईल टिकली तर इतिहास एकाच बाजूचा होतो.

‘लोकमत’चा पुढचा प्रवास असा: जवाहरलाल दर्डांनी ते यवतमाळमध्ये पुन्हा उभं केलं आणि १५ डिसेंबर १९७१ ला नागपूरहून दैनिक म्हणून सुरू झालं. तारीख लक्षात घ्या. बांगलादेशाचं युद्ध शिगेला पोचलेलं. दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. नव्या कोऱ्या दैनिकाला पहिल्या तीन दिवसांत एवढी बातमी! आमच्याकडे वडिलांनी त्या आठवड्यातले अंक जपून ठेवले होते. १९९० च्या दशकात घर बदलताना रद्दीत गेले. तो दिवस अजून सलतो.

उमरेडकर

तुम्ही सगळे शहर आवृत्तीवाले आहात. आम्ही डाक आवृत्तीवर, म्हणजे बाहेरगावी पाठवायच्या अंकावर, वाढलो.

इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी होती, नॅरोगेज. २०१९ मध्ये बंद झाली, रुंदीकरणासाठी. आमचा पेपर त्या गाडीने किंवा एसटीने यायचा. डाक आवृत्ती संध्याकाळीच छापून मोकळी होत असल्यामुळे रात्री काय घडलं ते आम्हाला परवाच्या दिवशी कळायचं. निवडणुकीचा निकाल रेडिओवर ऐकायचा आणि पेपरात दुसऱ्या दिवशी “मतमोजणी सुरू” असं वाचायचं. पण कुणी तक्रार केली नाही. स्टँडवर गठ्ठा पडला की सुतळी तोडायला पोरं धावत. सुतळी ज्याच्या हाती, त्याला पहिला पेपर फुकट चाळायला मिळायचा.

आमच्या तालुक्याचे वार्ताहर शाळामास्तर होते. मानधन नावालाच, बिल्ला मात्र छातीवर. तार करायचे, पुढे फोन आला तर ट्रंक कॉल लावून ओरडून बातमी सांगायचे. पोस्टात रांगेतली सगळी माणसं ती बातमी आधीच ऐकून घेत. विहिरीत पडलेलं जनावर, कोळसा खाणीतला अपघात, बोंडअळी, यात्रा. हे सगळं फक्त त्या दोन इंची बातम्यांत आहे. दुसरीकडे कुठेही नोंद नाही. उपसंपादककाका, त्या कापल्या गेल्या म्हणता ना, आमचे मास्तर दुसऱ्या दिवशी पेपर उघडून बसायचे आणि शोधायचे. नाही सापडली की पेपर घडी करून ठेवायचे आणि वर्गावर जायचे.

जुना_उपसंपादक

उमरेडकर, त्या मास्तरांची माफी मागायला हवी होती. ते हयात आहेत का?

उमरेडकर

नाहीत. पण त्यांच्या मुलाकडे कात्रणांची वही आहे. छापून आलेली प्रत्येक बातमी डिंकाने चिकटवलेली, खाली तारीख. मी विचारून पाहतो.

मोहपेकर

धागा चांगला आहे, पण ताईंच्या यादीत एक मोठी जागा रिकामी आहे आणि ती नेहमीच रिकामी राहते. म्हणून लिहितो.

किसन फागूजी बनसोडे. जन्म १८७९, आमच्या मोहप्याचे. अस्पृश्य मानलेल्या समाजातला हा माणूस १९१० च्या आसपास पत्र काढू लागला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’. एक बंद पडलं की दुसरं. नागपूरच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांसाठी ‘मजूर पत्रिका’ निघत होती तेव्हा बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ (१९२०) सुरू व्हायचा होता. ही रोजची पत्रं नव्हती हे मान्य. दैनिक चालवायला छापखाना, कागद, जाहिराती आणि उधारी लागते. ज्यांना उधारी मिळत नव्हती त्यांनी साप्ताहिकं आणि मासिकं काढली. म्हणून ‘दैनिकांचा इतिहास’ एवढंच शीर्षक ठेवलं तर त्यातून माणसं आपोआप गळतात.

दुसरं. १४ ऑक्टोबर १९५६. लाखो माणसं नागपुरात आली, धम्मदीक्षा झाली. त्या आठवड्यातली इथली सगळी दैनिकं एकत्र ठेवून कुणी पाहिली आहेत का? कोणी ती बातमी किती कॉलम दिली, कोणत्या पानावर दिली, पाण्याची सोय आणि गाड्यांची गर्दी यावर काय लिहिलं? माझे आजोबा त्या मैदानात होते. त्यांनी काय पाहिलं ते घरात सांगितलं. शहराच्या पेपरांनी काय पाहिलं ते मला वाचायचं आहे. यासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार आहे.

सक्करदऱ्याची

मोहपेकर दादा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी यादी करताना ‘मोठी’ नावंच आधी घेतली. शीर्षक बदलता येत नाही, पण यादीत तुमची पूर्ण नोंद घेतली आहे. १९५६ च्या त्या आठवड्याचं काम आपण सगळ्यांत आधी घेऊ या का?

संत्रा_मार्केट

हिंदी दैनिकं धरायची का? धरली पाहिजेत. ‘नवभारत’ रामगोपाल माहेश्वरींनी इथूनच सुरू केला, १९३० च्या दशकात, आणि मग तो अख्ख्या मध्य भारतात पसरला. इतवारीत, गांधीबागेत दुकानादुकानात हिंदी पेपर आणि घरी मराठी, असंच होतं आमच्याकडे. इंग्रजीत ‘हितवाद’च्या जोडीला ‘नागपूर टाइम्स’ होता, अनंत गोपाळ शेवड्यांचा. मातृभाषा मराठी, लेखक हिंदीचे, दैनिक इंग्रजी! १९७५ च्या जानेवारीत पहिलं विश्व हिंदी संमेलन नागपुरात भरलं त्यामागे त्यांचा मोठा वाटा. त्याच घरातून ‘नागपूर पत्रिका’ मराठीत निघायची. टाइम्स आणि पत्रिका दोन्ही आता नाहीत. पत्रिकेत आमच्या दुकानाची जाहिरात असायची, दर दिवाळीला, चौकटीत पणतीचा ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा. तो पणतीचा ब्लॉक दर वर्षी तोच असायचा, एका बाजूने झिजलेला.

वर्धा_रोड

पणतीचा तो ब्लॉक मलाही आठवतो!! अर्ध्या नागपूरच्या जाहिरातींत तोच असावा.

जुना_उपसंपादक

कागदाबद्दल कुणीच बोललं नाही. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं छपाईचा कागद परदेशातून यायचा आणि कोटा ठरलेला असायचा. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना नेपानगरला उभा राहिला, तेव्हा ते गाव मध्य प्रांतात म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं. प्रांतिक सरकारने त्यात पैसा घातला. १९५६ च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांची फेररचना होऊन नेपानगर नव्या मध्य प्रदेशात गेलं, आपण मुंबई राज्यात. नेपाचा कागद खरखरीत, जाड, मशीनवर मधेच तुटायचा. मशीनमन वैतागायचे. तरीही कोटा मिळाला की मालकांच्या चेहऱ्यावर हसू.

आणीबाणीचंही थोडं. २६ जून १९७५ पासून पूर्वतपासणी लागू झाली. आम्ही कामाला होतो तिथे प्रुफं माहिती खात्याच्या अधिकाऱ्याकडे जायची. परत येताना परिच्छेद गेलेले असत. मोकळी जागा सोडायचीही सोय नव्हती. मग जुळारी कुठूनतरी कापसाचे भाव, रेल्वेचं वेळापत्रक असलं काहीतरी काढून भरायचे. त्या काळातली फाईल कधी हाती आली तर अवेळी आलेले कापसाचे भाव कुठे आहेत ते पाहा. तिथे काहीतरी होतं.

शेवटची एक आठवण आणि थांबतो. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा, चेंगराचेंगरी, ११४ माणसं गेली, बायका आणि लेकरं जास्त. तोवर खिळे गेले होते, संगणक आले होते. मी रात्रभर नावं तपासत होतो. नाव, वय, गाव. आदिवासी पाड्यांची नावं आमच्यातल्या कुणालाच नीट लिहिता येत नव्हती. चुकीचं गाव छापलं तर घरच्यांना कळायचं नाही की गेलेलं माणूस आपलंच. पहाटे चारला एका सहकाऱ्याने गडचिरोली-चंद्रपूरचा जुना नकाशा आणला आणि आम्ही बोट ठेवून एकेक गाव शोधलं. झिरो माइलजवळच्या स्मारकावरून जाताना मी अजूनही ती नावं मनात म्हणतो.

पोट्टा_महालचा

काका, याच्यावर काय बोलावं समजून नाही राहिलं.

ग्रंथपाल_निवृत्त

उशिरा आले, पण कामाचं सांगते. मी तीस वर्षं वाचनालयात काढली आहेत.

फायली शोधण्याचे तीन मार्ग. एक, १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. त्यानुसार प्रत्येक पत्राची प्रत ठरलेल्या चार ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीचं टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. सगळ्यांनी सगळं पाठवलं असं नाही, पण नागपूरचं बंद पडलेलं दैनिक मुंबईत टाऊन हॉलच्या तळघरात सापडू शकतं. आधी पत्र टाकून विचारा. दोन, नागपुरातली जुनी वाचनालयं. सीताबर्डीचं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय, विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय, विद्यापीठाचं ग्रंथालय. तिथे तोंडी विचारून चालत नाही. तारीख आणि पत्राचं नाव लिहून द्या, म्हणजे कर्मचारी मागच्या खोलीत जातो. तीन, वकील. जाहीर नोटिशीचा अंक पुरावा म्हणून जोडावा लागतो, त्यामुळे जुन्या वकिलांच्या कपाटात दैनिकांचे सुटे अंक हमखास असतात. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ज्या अंकाबद्दल शंका असेल त्याच्या शेवटच्या पानाची तळओळ वाचा. मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण आणि कुठे छापलं हे १८६७ च्या कायद्याने तिथे द्यावंच लागत होतं. मालक बदलला, छापखाना हलला की ती ओळ बदलते. दैनिकाचं अर्धं चरित्र त्या एका ओळीवरून लिहिता येतं.

आता हात जोडून विनंती. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, नंतर पावसाळ्यात ओल आणि वाळवी. कृपा करून चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन करू नका. घडी उलगडताना दोन्ही हात खाली घाला. फोटो काढायचे तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, पान सपाट ठेवून वरून काढा. पानाचा पूर्ण फोटो घ्या, नुसती आपल्याला हवी ती बातमी नको. शेजारी काय छापलं होतं ते पुढच्या माणसाला लागतं. कात्रणांच्या वहीतला डिंक सोडवायला जाऊ नका, उमरेडकर, वही आहे तशीच फोटोत घ्या.

आणि बाई, स्टिकचा अडसर हलवला नाहीत ते फार चांगलं केलंत.

उमरेडकर

मास्तरांच्या मुलाशी बोललो. वही द्यायला नाही म्हणाला, पण घरी बसून फोटो काढायला हरकत नाही. एकशे चाळीस पानं आहेत. शनिवारी जातो.

मोहपेकर

विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्ज दिला. ऑक्टोबर १९५६, चार पत्रांची नावं. “बांधणी सुटली आहे, पाहून सांगतो” असं उत्तर मिळालं. सोमवारी पुन्हा जाणार.

सक्करदऱ्याची

ग्रंथपाल मावशी, तुमच्या सांगण्यावरून एका जुन्या वकीलसाहेबांकडे गेले होते. त्यांच्या वडिलांपासूनचं कार्यालय आहे. त्यांनी मुलाला सांगून कपाटाचा खालचा कप्पा काढायला लावला. धूळ, झुरळं आणि दोऱ्याने बांधलेले सुटे अंक. त्यांत बाबांच्या दैनिकाचे अकरा निघाले. सगळ्यांत नवा १९८६ चा, म्हणजे खिळ्यांच्या शेवटच्या काळातला.

तुम्ही सांगितलंत तसं दोन्ही हात खाली घालून उलगडला. आतलं पान. एका बाजूला जाहीर नोटीस, जिच्यासाठी अंक ठेवला गेला होता. शेजारी कॉटन मार्केटचे भाव, निधनवार्ता, भाड्याने खोली, एका शाळेचा निकाल. हे बाबांनी लावलं की शेजारच्या केसेवरच्या दुसऱ्या कुणी, हे कळायचा मार्ग नाही. तळओळीत मुद्रकाचं नाव आहे, जुळाऱ्यांची नावं कुठेच नसतात.

स्टिक पिशवीत घेऊन गेले होते. वकीलसाहेबांना विचारून ती कॉलमवर ठेवली, निधनवार्तेच्या कॉलमवर, कागदाला घासणार नाही अशी अलगद. गंजलेला अडसर डाव्या रेघेपासून उजव्या रेघेपर्यंत बरोबर बसला. केसभरही इकडे-तिकडे नाही.

अंक त्यांच्याचकडे ठेवून आले. रविवारी सकाळी दहाला सगळ्या अकरा अंकांचे फोटो काढायला जाते आहे, त्यांनी परवानगी दिली आहे. दोन जणांची मदत लागेल, एकाने पान धरायला आणि एकाने यादी लिहायला. पोट्टा_महालचा आणि वर्धा_रोड, जमेल का? पेन नको, शिसपेन्सिल आणा.